क्लोपचं क्लोपकडे

ओसरेदेकचं कुरण, बोहिन्य
गुरुवार, २६ जून

प्रिय तोंचका मावशी,

आधी कबुली देते, बाकीचं मग. मला क्लोप चावला.

फेलिक्स काका असते तर लगेच म्हणाले असते, "कुठला क्लोप? बसायचा की चावायचा?" बाक नाही गं, गोचीड. आपल्या भाषेनं दोघांना एकच नाव का ठेवलं असेल? शाळेत बाईंना विचारलं होतं तर त्यांनी मला बाकावर उभं केलं होतं. म्हणजे क्लोपवर.

तर तुझ्याकडे जूनच्या सुरुवातीला आले होते, आपण पिवळी अळंबी काढायला रानात गेलो, तेव्हाचाच असणार. गुडघ्याच्या मागे चावला, जिथलं आपलं आपल्याला दिसत नाही. दाखवलं त्सेनेनं. त्सेने म्हणजे इथला मुख्य चीज करणारा. साठीचा आहे. गायींशी अदबीनं बोलतो आणि माणसांना शिव्या देतो. मी धार काढायला वाकले तर मागून म्हणाला, "पोरी, तुझ्या पायावर कुणी दारूचा पेला ठेवून गेलं काय? गोल उठलाय." आरशात पाहिलं. तांबडं कडं, मध्ये फिकट, चांगलं बशीएवढं. त्सेनेनं चीजवर तारीख घालायच्या पेनानं त्याची कड आखली, म्हणजे वाढतंय का ते कळेल. दोन दिवसांत कडं रेघेच्या बाहेर.

मग मंगळवारी खाली गेले. डॉक्टर रोटार म्हणून बाई आहेत, माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या. पाहिल्या पाहिल्या म्हणाल्या, "लाइम. रक्त तपासायचीही गरज नाही, कडंच सांगतंय." डॉक्सीसायक्लिन दिलं. सकाळी एक, संध्याकाळी एक, दहा दिवस. दुधाबरोबर घ्यायची नाही, भरपूर पाण्यानं घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात हिंडायचं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, मी कुरणावर काम करते. तिथे दूध आणि ऊन सोडलं तर तिसरं काही नाही." त्या म्हणाल्या, "पाणी असेल ना? आणि टोपी?"

आईला सांगू नकोस, ती गाडी घेऊन येईल आणि मला उचलून नेईल. मला सप्टेंबरपर्यंत इथेच राहायचंय. वनशाळा सोडली, बेकरी सोडली, ती बोटीवरची नोकरी सोडली. एक तरी गोष्ट शेवटपर्यंत करून बघावी म्हणते.

इथे फोन लागत नाही, आणि लागला तरी तुला ऐकू येत नाही. चीजची जीप बुधवारी संध्याकाळी वर येते, गुरुवारी सकाळी खाली जाते. तेच आपलं पोस्ट.

काळजी करू नकोस. (हे लिहून उपयोग नाही, माहीत आहे.)

तुझी
ब्रिना

•

रिब्नीत्सा
शनिवार, २८ जून

ब्रिना,

दहा दिवस? त्या पोरीला पदवी कुणी दिली?

मी आरोग्य केंद्राच्या औषधांच्या खिडकीत एकतीस वर्षं बसले. डॉक्टर नव्हते, पण कुणाला काय दिलं आणि मग त्याचं काय झालं, ते मी पाहिलंय. आणि एकाचं तर घरातच पाहिलं.

तुझा जन्मही नव्हता. अठ्ठ्याऐंशीचा जून. फेलिक्सच्या मांडीवर तुझ्यासारखंच कडं उठलं. तो वनरक्षक, त्याला गोचिडांचं कौतुक ते काय! मीच ओढून नेला. डॉक्टर पुचेल म्हणाले, चौदा दिवस. रोज दोन. आठवड्यात कडं गेलं. चौदा दिवस झाले, मी रिकामं पाकीट फेकलं. ऑगस्टमध्ये अग्निशामकांच्या बँडची तालीम होती. फेलिक्सनं ट्रम्पेट ओठाला लावला आणि सूर निघेना. फुस्स. सगळे हसले, त्यांना वाटलं चेष्टा करतोय. घरी आला तेव्हा सूप प्याला आणि अर्धं हनुवटीवरून खाली. डावी बाजू मेली होती. डोळा मिटत नव्हता. इस्पितळात टोचून टोचून पुष्कळ सुधारलं, पण ओठाचा कोपरा शेवटपर्यंत जरा खालीच राहिला. ट्रम्पेट पुन्हा लावला नाही. सहा वर्षांपूर्वी गेला तो दुसऱ्याच दुखण्यानं, पण हसायचा अर्धाच.

चौदा दिवसांत हे झालं. आणि तुला दहा?

सोबत डबा पाठवतेय. वर सुक्या नासपतीचा पाव आहे, त्याच्याखाली मोजे, मोज्यांत गोळ्या. त्याच आहेत. ह्याच्या त्याच्या उरलेल्या मी बाजूला ठेवत आले. तुझे दहा दिवस झाले की ह्या सुरू कर, आणि पंधरा ऑगस्टच्या मारियेच्या सणापर्यंत थांबू नकोस. पोट बिघडलं तर बिघडू दे. पोट बरं होतं, चेहरा होत नाही.

आणि रोज सकाळी उठल्या उठल्या शीळ घाल. शीळ वाजली तर ओठ जागेवर आहेत. प्रत्येक पत्रात पहिली ओळ तीच लिही.

तोंचका मावशी

ता. क. आईला सांगितलं नाही. पण पापाच्या धनी दोघी.

•

ओसरेदेक
गुरुवार, ३ जुलै

प्रिय मावशी,

शीळ वाजते. लिस्का गाय तीनदा मागे वळून बघते इतकी वाजते.

गोळ्या रोज वेळेवर चालू आहेत. उद्या दहा दिवस पुरे होतील. कडं फिकट झालंय, गेलं मात्र नाही. थकवा आहे, पण इथे पहाटे साडेचारला उठून बत्तीस गायींची धार काढतात, थकवा कुणाला नाही? रोज वेळेवर घेतेय, तू विचारायच्या आधीच सांगते.

काकांचं ट्रम्पेटचं मला माहीतच नव्हतं. मला ते नेहमी तसेच आठवतात, एका बाजूनं हसणारे. मला वाटायचं ती त्यांची हसायची तऱ्हा आहे. लहानपणी मी आरशासमोर तसं हसून बघायचे.

परवा कुरणावरून दोन गिर्यारोहक चालले होते, त्यातली बाई माहितगार निघाली. ताक मागायला थांबली आणि पाय बघून म्हणाली, "दहा दिवस? माझ्या बहिणीनं दहा महिने घेतल्या." त्सेने भांडं घासता घासता म्हणाला, "मग बरी झाली का?" ती म्हणाली, "नाही ना!" त्सेने म्हणाला, "मग?" बाई रागावून ताक न पिताच गेली. मी प्यायले.

पण गंमत सोड. अंगात राहतो तो किडा नसतोच मुळी, किड्यातला जंतू असतो, मळसूत्रासारखा, एवढं वनशाळेत शिकले. तो अंगात कुठे जाऊन बसतो, किती दिवसांत मरतो, ते आपल्याला आतून कळत नाही ना? डॉक्टर म्हणते दहा, तू म्हणतेस पन्नास, ती बाई म्हणते दहा महिने. कुणाच्या तोंडाकडे बघायचं? काल झोपेतून उठून दोनदा शीळ घालून पाहिली. तिसऱ्यांदा त्सेनेनं बूट फेकला.

तुझा डबा मिळाला. पाव पहिल्याच दिवशी संपला. गोळ्या मोज्यांतच आहेत. अजून ठरत नाही.

हाताच्या पाठी जराशा भाजल्यात उन्हानं. विशेष नाही.

तू शेगडीजवळचा बाक काढणार होतीस ना यंदा? काढू नकोस. हिवाळ्यात मला त्याच्यावर झोपायचंय. काकांच्या जागेवर, पाठ भिंतीला लावून.

तुझी ब्रिना

•

रिब्नीत्सा
रविवार, ६ जुलै

ब्रिना,

ठरत नाही म्हणजे काय? मोज्यांत हात घाल आणि गीळ. त्यात ठरवायचं काय आहे?

हाताच्या पाठी भाजल्या तर बाह्या खाली कर. जूनमध्ये माझ्याकडे आलीस तेव्हाही अर्ध्या चड्डीत रानात शिरलीस. शंभरदा सांगितलं पायमोजे वर ओढ. "मावशी, उकडतंय!" आता उकड.

बाक काढत नाहीये, पण शेगडीच्या फरश्या निखळल्यात, मंगळवारी शेगडीवाला येतोय. तो म्हणतो, मागची भिंत साफ करायला बाकाची फळी उचकटावीच लागेल. परत बसवून देईल म्हणाला. मला आवडलेलं नाही. फेलिक्स गेल्यापासून त्याच्या जागेवर मी कुणाला बसू दिलेलं नाही, मांजर सोडून.

तू काकांची आठवण काढलीस म्हणून सांगते. ते चौदा दिवस मी त्याच्या डोक्यावर बसले होते. खिडकीत दिवसभर लोकांना सांगायचं आणि घरी ह्याला सांगायचं. जेवण झालं की तो बाकावर जाऊन बसायचा, पाण्याचा पेला घेऊन. मी भांडी घासताना विचारायची, "घेतलीस?" आणि तो तिथून ओरडायचा, "क्लोपचं क्लोपकडे!" म्हणजे गोचिडाचा हिस्सा गोचिडाला पोचला. रोज दोनदा. मला हसू यायचं. मी म्हणायची, "चांगला जेवू दे त्याला, पोट फुटून मरू दे."

इतकं वेळेवर घेतलेलं औषध, आणि तरी. म्हणून मला दहा ऐकवत नाही.

पुचेलना मी माफ केलं नाही. भरल्या केंद्रात, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "चौदाऐवजी तीस दिवसांच्या दिल्या असत्या तर तुमच्या घरच्या जाणार होत्या का?" गडी मान खाली घालून आत गेला. सदतीस वर्षं झाली, तो समोरून आला की मी रस्ता ओलांडते. आता तो वृद्धाश्रमात आहे, आता रस्ता ओलांडायलाही लागत नाही.

शीळ?

तोंचका मावशी

•

ओसरेदेक
गुरुवार, १० जुलै, पहाटे

मावशी,

शीळ वाजत नाही.

काल संध्याकाळपासून. गायींना बोलवायला ओठ काढले तर फुस्स, तू लिहिलंस तस्संच. त्सेने म्हणाला, "काय गं, वारा सोडतेस?" आणि मग माझं तोंड बघून गप्प झाला. तो गप्प झाला तेव्हा मला खरी भीती वाटली.

तुझ्या गोळ्या रविवारपासून सुरू केल्यात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, जरा जास्तच. म्हटलं, राहिलेलं भरून निघेल. मंगळवारी वरच्या उतारावर गवत कापायचं होतं, दिवसभर ऊन. टोपी होती पण वाऱ्यानं गेली दरीत. रात्री उलटी झाली. डोकं दुखतंय. ओठ जाड झालेत, माझे नाहीतच असं वाटतंय. आरशात बघते तर डावी बाजू खाली वाटते. मग वाटतं उजवी. मग वाटतं माझं तोंड पहिल्यापासून वाकडंच होतं का? त्सेनेला विचारलं तर म्हणतो, "मी चीज बघतो, तोंडं बघत नाही."

जीप हॉर्न वाजवतेय. मीही बसून खाली गेले असते, पण त्सेनेचा दुसरा माणूस गुडघा धरून बसलाय आणि धार आम्ही दोघांनीच काढायची आहे. उद्या-परवा बघते.

एक गोष्ट सांगायची होती. पुढच्या पत्रात.

ब्रिना

•

रिब्नीत्सा
बुधवार, ९ जुलै

ब्रिना,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय.

काल शेगडीवाला आला. बाकाची फळी आणि भिंत ह्यांच्यामध्ये बोटभर फट आहे, तुला माहीत असेल, लहानपणी तू त्यात पत्ते टाकायचीस. त्यानं पहार घालून फळी उचलली आणि म्हणाला, "बाई, इथे तुमची बरीच चीजवस्तू आहे." माझी हरवलेली छोटी कातरी निघाली. तुझी बदामाची राणी निघाली. आणि एका कोपऱ्यात, नेमकं फेलिक्सच्या बसायच्या जागेखाली, धुळीत चिकटलेल्या, तपकिरी पडलेल्या गोळ्या.

मी त्या ओळखल्या. एकतीस वर्षं मोजून दिल्यात, तुकडा दिसला तरी ओळखीन. तरी आधी वाटलं, बटणं असतील.

पंचवीस होत्या. चौदा दिवसांच्या अठ्ठावीस होतात. त्यानं तीन खाल्ल्या.

शेगडीवाल्यानं विचारलं, "टाकू का?" मी म्हटलं, "हात लावू नका." आणि मग, ब्रिना, मी मूर्खासारखी जमिनीवर बसले आणि मला ते ऐकू आलं. मला, जिला दारावरची घंटाही ऐकू येत नाही.

क्लोपचं क्लोपकडे.

तो पलीकडच्या खोऱ्यातला. आपण बाकाच्या क्लोपचा ओ लांबवतो, गोचिडाच्या क्लोपचा तोडतो. त्याचे सगळे ओ एकाच मापाचे. लग्नात ह्यावरून सगळे हसले होते. मला गोचीड ऐकू आला आणि तो बाक म्हणत होता. खोटं बोललाच नाही, बघ. रोज दोनदा मला खरं तेच सांगत होता, बाकाचा हिस्सा बाकाला. आणि मी भांडी घासत हसत होते.

का केलं असेल? रात्रभर तेच. तेव्हा वरच्या रानात तोड चालू होती, दिवसभर ऊन. पहिल्या दोन दिवसांत त्याला ओकाऱ्या झाल्या होत्या, ते आठवतंय. कडं तसंही गेलं होतं. त्याला वाटलं असेल, बरा झालो, कशाला. आणि मला सांगता येईना. लोक खिडकीपाशी यायचे, "बाई, सगळ्या घेतल्या" म्हणायचे, आणि मला त्यांच्या डोळ्यांत दिसायचं की नाही घेतल्या, आणि मी असं काही बोलायची की पुन्हा खोटं बोलायला पण धजायचे नाहीत, यायचेच बंद व्हायचे. मी घरातही खिडकीच्या आतच बसले होते, ब्रिना. नवरा बाहेर रांगेत.

आता तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली. तीन तारखेच्या पत्रात तू दोनदा लिहिलंयस, रोज वेळेवर. मी विचारायच्या आधीच.

तेव्हा आता मी किती दिवस ते विचारत नाही. मोज्यांतल्या गोळ्यांना हात लावू नकोस, त्या मी कुठल्या साली ठेवल्या तेही मला आठवत नाही. एवढंच विचारते: त्या दहा दिवसांतल्या तू गिळल्यास किती? रागावणार नाही. बाकावर हात ठेवून सांगते.

मावशी

शनिवार, १२ जुलै. पत्र टाकायचं राहिलं होतं, हिंमत होत नव्हती. आत्ता तुझं दहाचं आलं. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. शेजारणीला हाताशी धरून बोहिन्यच्या चीजच्या दुकानात फोन करायला लावला. जीप आज दुपारीच वर येतेय. धार काढायला दुसरं माणूस घेऊन येतेय. हे तुला खाली आल्यावर मिळेल. आधी डॉक्टरकडे जा, मग वाच.

•

ओसरेदेक
गुरुवार, १७ जुलै

मावशी,

चेहरा जागेवर आहे. पहिली ओळ हीच असायला हवी ना?

आता नीट सांगते, मध्ये कुठे भरकटले तर रागव. जीप शनिवारी दुपारी आली. त्सेनेनं मला पुढच्या सीटवर बसवलं, मांडीवर चीजचं आख्खं चाक ठेवलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "दोन्ही न आपटता ने." मला म्हणाला, "तोंड वाकडं झालं तरी ये. गायींना काय, आधीही कुठे बघत होत्या." मला रडू आलं. मग म्हणाला, "नाही झालेलं. मी चीज बघतो ना, बारीक फरक कळतो. कालच सांगणार होतो." कालच! ह्या माणसाला काय म्हणावं.

डॉक्टर रोटार सोमवारी भेटल्या. म्हणाल्या, भुवया वर कर. गाल फुगव. डोळे गच्च मीट. दात दाखव. मी दाखवले. म्हणाल्या, "नस ठणठणीत आहे. ओठ भाजलेत. ह्या औषधावर माणूस उन्हात उभं राहिलं की तव्यावरच्या पोळीसारखं होतं, सांगितलं होतं ना?" ओठांवर फोड आले होते, सुजले होते, म्हणून शीळ नाही. एवढंच. तू पाठवलेल्या गोळ्या दाखवल्या. त्यांनी त्या उजेडात धरल्या आणि ड्रॉवरमध्ये टाकून कुलूपच लावलं. म्हणाल्या, जुन्या झालेल्या ह्या गोळ्या मूत्रपिंडं बिघडवतात, पुन्हा अशा साठवलेल्या कुणाला देऊ नका म्हणावं मावशीला. मी म्हटलं, ते तुम्हीच सांगा.

मग त्यांनी विचारलं, "मी दिलेल्या दहा दिवस घेतल्यास?" मी म्हटलं, हो, रोज वेळेवर. त्यांनी लिहून घेतलं. लिहिता लिहिता म्हणाल्या, "मग आता काही करायला नको. कडं आणि थकवा कुणाकुणाला आठवडे राहतो, त्याचा अर्थ जंतू जिवंत आहे असा नाही. आणखी गोळ्यांनी तो लवकर जात नाही." मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. बाहेर येऊन चीजच्या दुकानात गेले, तिथे तुझं पत्र होतं. पायरीवर बसून वाचलं. पंचवीसपाशी आले आणि पुढचं वाचवेना.

माझ्या दुसऱ्या बुटाच्या टोकात नऊ होत्या.

वीसातल्या अकरा गिळल्या. पहिले चार दिवस अगदी नीट, घड्याळ लावून. पाचव्या दिवशी हात भाजले आणि मळमळ. त्सेने म्हणेल, शहरातली पोर, गवत झेपत नाही. पुढच्या दिवशी गवत होतं म्हणून सकाळची टाळली. मग संध्याकाळची दुधाबरोबर घेतली, मग म्हटलं दुधाबरोबर घेतलीच आहे तर ती वायाच, उद्या बघू. असं. आणि तुला लिहिताना पेन आपोआपच "रोज वेळेवर" लिहून गेलं. तू रागावशील म्हणून नाही. म्हणजे, तू रागावशील म्हणूनच. आणि आणखी एक काम अर्धवट सोडलं हे मला स्वतःलाच वाचायचं नव्हतं.

पुन्हा आत गेले. बाहेर सात माणसं बसली होती, त्यांच्या पुढे घुसले. एक आजोबा म्हणाले, "रांग आहे, बाईसाहेब!" मी म्हटलं, "मी खोटं बोलून आलेय, खरं सांगून येते." त्यांनी पाय बाजूला घेतला.

डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. कागद खोडला. म्हणाल्या, "बरं झालं आत्ता सांगितलंस, ऑक्टोबरमध्ये वाकड्या तोंडानं सांगण्यापेक्षा. पहिल्यापासून सुरू. दहा दिवस."

मी विचारलं, "पन्नास नकोत? तीस? माझ्या काकांना तर चौदाही..." आणि थांबले. कारण काकांचे चौदा कुठे होते? तीनच गोळ्या होत्या.

त्या म्हणाल्या, "पूर्वी जास्त देत. मग मोजून पाहिलं, जास्तीनं जास्त भलं होत नाही. दहा पुरतात. पण दहा म्हणजे दहा."

ह्या वेळी त्सेनेला सांगितलंय. तो म्हणाला, "मग सावलीतली कामं कर, आधी नाही सांगायचं? कढई घासायला मला दोन वर्षं कुणी मिळत नाहीये." आता मी चीजच्या खोलीत आहे, तांब्याच्या कढईत डोकं घालून. गोळी पाण्यानं घेते, त्याच्यासमोर. तो तोंड उघडायला लावतो, घोड्याचं बघतात तसं.

काकांवर रागावू नकोस. म्हणजे रागव, पण मी पण तीच आहे हे लक्षात ठेव.

ब्रिना

•

रिब्नीत्सा
शनिवार, १९ जुलै

ब्रिना,

नऊ. ठीक. बाकावर हात ठेवून सांगितलं होतं, म्हणून रागावत नाही. हात मात्र दुखायला लागला इतका दाबला.

त्या डॉक्टरीणबाईंना सांग, माझं कपाट मी स्वतः रिकामं करून औषधांच्या दुकानात परत दिलं. पिशवीभर निघालं. खिडकीतली पोरगी माझ्याकडे जशी बघत होती, तशी मी लोकांकडे बघायची.

भीती गेली असं समजू नकोस. पुढच्या गुरुवारपर्यंत मी जेवते म्हणजे काय, चावते.

मावशी

•

ओसरेदेक
गुरुवार, २४ जुलै

प्रिय मावशी,

आज सकाळी शेवटची घेतली. पाकिटात दोन रिकाम्या पट्ट्या घातल्यात. वीस खळगे आहेत, बोट घालून बघ. सोबत बुटातल्या नऊ पाठवत नाही, त्या डॉक्टरांनी घेतल्या.

कडं गेलंय. पेनाची रेघ मात्र अजून आहे, त्सेनेचं चीजचं पेन धुतलं जात नाही. आता नुसतीच रेघ, आत काही नाही, नकाशावर कुणी देश काढून घेतल्यासारखी.

ओठांची सालं निघाली आणि काल संध्याकाळी शीळ वाजली. लिस्का आली. तिच्यामागे सगळ्या. त्सेने म्हणाला, "पुरे आता, पलीकडच्या कुरणावरच्याही येतील."

मी सप्टेंबरपर्यंत आहे इथे. लिहून ठेव.

ब्रिना

•

रिब्नीत्सा
मंगळवार, २९ जुलै

ब्रिना,

पट्ट्या मिळाल्या. वीसही खळग्यांत बोट घातलं. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, बोटाला सवय आहे.

रविवारी अक्रोडाची पोटित्सा, गोड पावाची गुंडाळी, केली आणि वृद्धाश्रमात गेले. डॉक्टर पुचेल एक्क्याण्णवचे आहेत. खिडकीशी बसले होते. मला बघून उठायला लागले, मला वाटतं पळून जायला, पण चालायची काठी दूर होती.

मी खाली बसले, डबीतल्या पंचवीस गोळ्या त्यांच्या पांघरुणावर ओतल्या आणि सगळं सांगितलं. बाक, गोचीड, लांब ओ, आखूड ओ, सगळं. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे आख्ख्या दिवाणखान्याला ऐकू गेलं. म्हटलं, डॉक्टर, मी तुम्हाला सदतीस वर्षं चुकीचा बोल लावला.

ते बराच वेळ एकेक गोळी बोटानं हलवत राहिले. मग म्हणाले, "तोंचका, मला वाटायचं तुझं बरोबर होतं."

मी म्हटलं, काय?

"तू त्या दिवशी बोललीस आणि मी घरी जाऊन विचार केला, खरंच कमी दिल्या. त्यानंतर मी ह्या खोऱ्यात कुणालाच चौदावर सोडलं नाही. तीस दिवसांच्या दिल्या. काहींना साठ. लोकांच्या आतड्यांचं वाटोळं झालं, पोस्टातल्या त्या बाईला इस्पितळात न्यावं लागलं, तरी मी म्हणायचो, फेलिक्सला विसरू नका. निवृत्त होईपर्यंत." आणि त्यांनी त्या गोळ्यांकडे पाहिलं आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मग मलाही आवरेना, आणि ती नर्स धावत आली. ते तिला म्हणाले, "अहो, काही नाही. इतकी वर्षं सगळं खोरं एका बाकाचं औषध घेत होतं."

पोटित्साचे तीन तुकडे खाल्ले त्यांनी.

फळी परत बसवली आहे. शेगडीवाला फट बुजवून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. तुझी बदामाची राणी परत आत टाकली. हिवाळ्यात तिथे झोप. पण मला काही सांगायचं असेल तर त्या फटीला सांगू नकोस, मला सांग, मोठ्यानं.

आणि औषध संपलं तरी शीळ सोडू नकोस. माझ्यासाठी रोज एकदा घाल, रिब्नीत्साच्या दिशेनं तोंड करून. मला ऐकू येणार नाही, ते माझं मी बघते.

तुझी
तोंचका मावशी